वेगाच्या देवाला अर्पण

गेल्या चातुर्मासातील गोष्ट. एकादशीचे कीर्तन आटोपलेले आणि गणेशोत्सवाच्या बैठकी अद्याप सुरू व्हावयाच्या, अशा एका मोकळ्या रविवारी आमच्या देवस्थानच्या सभागृहात तरुण मंडळींनी एक इंग्रजी चित्रपट दाखविला. दारावरील फळ्यावर खडूने नाव लिहिले होते, 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन'. ज्येष्ठ महाजनांपैकी दोघे-तिघे केवळ त्या नावाच्या ओढीने आले. जगातील सर्वांत वेगवान हिंदी माणूस कोण, हे जाणून घेण्याची त्यांची उत्सुकता. पडद्यावर न्यूझीलंडमधील एक म्हातारा गोरा कारागीर लोखंडाशी झटत असलेला पाहून त्यांचा जो विरस झाला तो पहिला अर्धा तास टिकला. पुढे मात्र कोणीही जागचे उठले नाही, आणि दिवे लागल्यावर फाटकापर्यंत जाताना सारे त्या म्हाताऱ्याविषयीच बोलत होते.

हा चित्रपट २००५ सालचा, म्हणजे नवा नव्हे. त्यावर आज लिहिण्याचे कारण असे की, घरच्या पडवीत मोटारसायकल उघडून बसणारे मुलगे आता आपल्यापैकी पुष्कळ घरांत आहेत आणि त्यांतील अनेकांनी हा चित्रपट आपला आदर्श मानला आहे. ज्या कलाकृतीला कोणी आदर्श मानतो तिची परीक्षा केवळ करमणुकीच्या मापाने करून भागत नाही. ती काय शिकविते, आणि जे शिकविते ते खरे आहे काय, हेही पाहावे लागते.

प्रथम वस्तुस्थिती. 'इंडियन' हे मोटारसायकलचे नाव. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे १९०१ पासून या गाड्या होऊ लागल्या, आणि मूळ कंपनीचे उत्पादन १९५३ मध्ये थांबले. नाव घेतले ते अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरून. हिंदुस्थान शोधावयास निघालेल्या दर्यावर्दींनी त्यांना चुकीने 'इंडियन' ठरविले. तेव्हा आमच्या महाजनांनी केलेली चूक पाचशे वर्षांच्या जुन्या परंपरेतील होती, एवढेच त्यांच्या समाधानासाठी सांगतो.

या कंपनीची 'स्काउट' नावाची, सुमारे ६०० सीसी इंजिनाची गाडी बर्ट मन्रो याने १९२० मध्ये विकत घेतली. मन्रो हा न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडील इन्व्हरकारगिल गावचा. जन्म १८९९ चा, मृत्यू १९७८ चा. कारखान्यातून आलेल्या त्या गाडीचा वेग ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर. १९२६ पासून त्याने तिच्यात सुधारणा करावयास घेतली आणि पुढील चार दशके तो ती करीतच राहिला. इंजिन हळूहळू वाढवीत ९५० सीसीपर्यंत नेले. अमेरिकेतील युटा राज्यात बॉनव्हिल येथे मिठाचे विस्तीर्ण सपाट मैदान आहे. तेथे १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, १००० सीसीखालील वर्गात त्याने जागतिक उच्चांक केला. नोंद झाली ताशी १८३.५९ मैलांची, म्हणजे जवळजवळ २९५ किलोमीटरांची. पात्रतेसाठी घेतलेल्या एका एकेरी धावेत तर तो ताशी १९०.०७ मैलांपर्यंत पोचला होता. गाडी तीच, १९२० ची.

हे सारे ज्या कारखान्यात झाले तो एका खोलीचा होता. मन्रो जुन्या डब्यांचे साचे करून त्यांत धातू ओती. सिलिंडर, पिस्टन, फ्लायव्हील त्याने हाताने घडविले. कनेक्टिंग रॉड त्याने ट्रॅक्टरच्या जुन्या आसाच्या पोलादातून कोरून काढले. सूक्ष्म मापनासाठी इतरांजवळ मायक्रोमीटर असतो. याच्याजवळ चाकाची एक जुनी तार होती. आणि त्याच खोलीत एक फळी होती. तिच्यावर फुटलेले पिस्टन, वाकलेले दांडे, तडकलेले भाग ओळीने मांडलेले, आणि वर त्याने स्वतः लिहिलेले शब्द, ज्यांचा अर्थ 'वेगाच्या देवाला अर्पण'.

दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन याने या माणसाला प्रत्यक्ष पाहिले होते. १९७१ मध्ये त्याने मन्रोवर एक लहानसा माहितीपट केला आणि त्याला त्या फळीवरील शब्दांचेच नाव दिले. पुढे ३४ वर्षांनी त्याने अँथनी हॉपकिन्स या थोर नटाला घेऊन हा कथापट काढला. एकाच विषयाकडे आयुष्यभर परत परत येणारा हा दिग्दर्शकही एका परीने मन्रोच्याच जातीचा म्हणावयास हवा.

चित्रपटाची कथा साधी आहे. १९६२ च्या सुमारास, साठी उलटलेला बर्ट एका पत्र्याच्या शेडमध्ये एकटा राहतो. पहाटे इंजिन सुरू करून शेजाऱ्यांची झोप मोडतो; शेजारचा लहान मुलगा मात्र त्याचा भक्त. एकदा तरी बॉनव्हिलच्या मिठावर गाडी पळवावी ही त्याची इच्छा. पैसे जमवून, बोटीवर स्वयंपाक्याचे काम करीत तो अमेरिकेस जातो, एक जुनी मोटार विकत घेतो, गाडी मागे बांधतो आणि वाटेत भेटेल त्याची माया मिळवीत मैदानावर पोचतो. तेथे कळते की त्याने आगाऊ नाव नोंदविलेले नाही, गाडीचे ब्रेक पुरेसे नाहीत, थांबविण्यास छत्री नाही, टायर जुने आहेत आणि स्वार म्हातारा आहे. तपासनीस नकार देतात. मंडळी रदबदली करतात. अखेर परवानगी मिळते आणि म्हातारा २०० मैलांचा उंबरठा ओलांडतो.

या चित्रपटातील उत्तम भाग कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही मिठाच्या मैदानाकडे बोट दाखविणार नाही. उत्तम भाग आहे तो पहिल्या अर्ध्या तासात, शेडमध्ये. तेथे बर्ट जुने पिस्टन वितळवून नवा पिस्टन ओततो, आणि स्वयंपाकघरातील सुरीने टायरवरील नक्षी छाटून तो गुळगुळीत करतो. ही दृश्ये विनोदी वाटतात, सभागृहात हशाही झाला. परंतु त्यांमागील शास्त्र विनोदी नाही. पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट बसला पाहिजे, नाही तर जळलेल्या वायूचा दाब निसटतो. पण तो तापला की फुगतो. अंतर फार कमी ठेवले तर फुगलेला पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला चिकटतो आणि इंजिन जागच्या जागी जाम होते. वेग वाढविला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की काल बरोबर असलेले अंतर आज चुकीचे ठरते. म्हणून वेगाच्या प्रत्येक नव्या मैलासाठी धातूचे मिश्रण, अंतर आणि आकार यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. ज्याच्याजवळ प्रयोगशाळा नाही त्याला हे उत्तर एकाच मार्गाने मिळते: करावे, पळवावे, फुटले तर उघडून पाहावे की कोठे फुटले. फळीवरील प्रत्येक तुकडा हे अशा एका प्रश्नाचे उत्तर आहे.

हॉपकिन्सचा अभिनय या भागात पाहण्यासारखा आहे. तो यंत्राकडे प्रेमाने पाहत नाही, कान देऊन पाहतो. नट जेव्हा कारागिराची भूमिका करतात तेव्हा हातांपेक्षा चेहऱ्याने काम करतात; येथे चेहरा स्वस्थ आहे आणि हात बोलतात. लोकांशी बोलताना त्याचा बर्ट किंचित बहिरा, भोळा, बडबडा. यंत्रासमोर मात्र तो मुका होतो. दिग्दर्शकाने मूळ माणसाचा सहवास घेतल्याचे फळ ते हेच असावे.

येथवर प्रशंसा. आता आक्षेप.

पहिला आक्षेप काळाविषयीचा. खरा मन्रो बॉनव्हिलला एकूण दहा वेळा गेला. पहिल्या खेपेस केवळ पाहावयास, नंतर नऊ वेळा धावण्यास. त्याने १९६२, १९६६ आणि १९६७ अशा तीन वर्षी उच्चांक केले. चित्रपटाने या साऱ्या खेपांची एक खेप केली, आणि पुढील वर्षांचा उल्लेख अखेरच्या अक्षरपाटीत उरकला. कलेला संक्षेप करण्याचा अधिकार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु संक्षेपात काय गाळले गेले ते पाहावे. गाळली गेली ती परत येण्याची वर्षे. १९६२ चा उच्चांक ताशी सुमारे १७९ मैलांचा. १९६६ चा, मोठे इंजिन बसविल्यावर, ताशी १६८.०७ मैलांचा. म्हणजे चार वर्षांच्या परिश्रमानंतर, इंजिन वाढवून, म्हाताऱ्याची नोंद अकरा मैलांनी खाली आली! वर्ग निराळा असल्याने ती नोंदही उच्चांक ठरली, हे खरे. परंतु ज्याने शेडमध्ये चार वर्षे काढली त्याला त्या आकड्याने काय सांगितले असेल? आमच्या मते मन्रोच्या जीवनातील नाट्य या अकरा मैलांत आहे. त्यानंतर तो घरी गेला, इंजिन पुन्हा उघडले आणि पुढच्या वर्षी परत आला. चित्रपटाजवळ या प्रसंगाला जागा नाही. त्याला विजय एकदाच आणि लगेच हवा आहे.

शिवाय तो विजय मोजण्यातही चित्रपटाने उदारपणा केला. पडद्यावरील बर्टला १९६२ मध्येच २०१ मैलांचा आकडा मिळतो. मैदानावरील नियम असा की उच्चांकासाठी एकदा जावे आणि नेमलेल्या वेळात उलट दिशेने परत यावे. दोन्ही धावांची सरासरी ती नोंद. वारा एका धावेत पाठीशी असेल तर दुसरीत छातीवर येतो, म्हणून हा नियम. वकिली पेशामुळे असेल, परंतु या नियमाविषयी आम्हांस अतिशय आदर वाटला. एका बाजूचे ऐकून निकाल देऊ नये, हे तत्त्व मिठावरही लागू आहे. खऱ्या मन्रोने या नियमाखाली १७९ मिळविले. ते त्याचे होते. २०१ हे त्याला दिलेले दान आहे, आणि ज्याने आयुष्यभर दान न घेता मापून घेतले त्याला ते शोभत नाही.

दुसरा आक्षेप घराविषयीचा. पडद्यावरील बर्ट एकटा. वाटेत भेटणाऱ्या सर्वांशी त्याचे नाते जमते. घरात मात्र त्याची वाट पाहणारे कोणी नाही, म्हणून त्याच्या छंदाची किंमत कोणी मोजल्याचे दिसत नाही. खऱ्या मन्रोचा विवाह १९२७ मध्ये झाला होता, त्याला चार अपत्ये झाली आणि पुढे पती-पत्नी विभक्त झाली. त्या विभक्तीची कारणे शोधण्याचा अधिकार कोणास नाही, आणि तो सारा दोष यंत्राच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि जो छंद चाळीस वर्षे दिवसरात्र चालतो तो घराबाहेरच राहतो, असे कोणत्याही गृहस्थाश्रमी वाचकास पटणार नाही. आमच्यापैकी ज्यांच्या घरी भजनाचे, नाटकाचे किंवा जत्रेच्या कारभाराचे वेड आहे त्यांस हे सांगावयास नको. स्वयंपाकघरात कोणीतरी ताट झाकून बसलेले असते. चित्रपटाने ते ताट दाखविले नाही, म्हणून त्याचा नायक इतका निर्मळ दिसतो.

तिसरा आक्षेप नियमांविषयीचा, आणि आमच्या तरुणांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. चित्रपटात नियम म्हणजे सज्जनांच्या वाटेतील धोंडा. नाव नोंदविले नाही, चालते; ब्रेक नाहीत, चालते; हसून बोलले की तपासनीस विरघळतात. प्रेक्षक टाळ्या वाजवितात, कारण म्हातारा गोड आहे. परंतु कायदा माणूस गोड आहे की नाही हे विचारीत नाही. ब्रेक लागतो की नाही एवढेच विचारतो. आणि तेथील तपासनीसांनी नमते घेतले ते एका ओसाड मिठाच्या मैदानावर, जेथे म्हातारा पडला असता तर फक्त म्हाताराच पडला असता. फोंड्याच्या बाजारातून, शाळा सुटण्याच्या वेळी, हा न्याय चालणार नाही.

आपल्याकडील स्थिती वाचकांस ठाऊक असावी म्हणून थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ अन्वये गाडीच्या मालकास तिच्यात असा फेरफार करता येत नाही की ज्यामुळे नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याने मुळात ठरविलेल्या स्वरूपाशी जुळणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निकालात या कलमाचा असाच कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या स्वरूपात आणले. नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही होऊ शकतात. यावरून घरी गाडी उघडणे हाच गुन्हा, असा अर्थ कोणी काढू नये. इंजिनातील कार्बन काढणे, झिजलेली रिंग बदलणे, गाडी पूर्ववत करणे ही दुरुस्ती होय, आणि दुरुस्तीस कायद्याची मनाई नाही. मनाई आहे ती गाडीचे मूळ स्वरूप पालटून तिला सार्वजनिक रस्त्यावर आणण्यास. मन्रोची गाडी आपल्या रस्त्यावर आली असती तर ती जप्त झाली असती, आणि ती जप्ती योग्य ठरली असती. वेगाच्या देवाची पूजा त्याच्या देवळात करावी, चव्हाट्यावर नव्हे.

हे आम्ही पुस्तकातून बोलत नाही. आमचा भाचा फर्मागुढीला अभियांत्रिकी शिकतो आणि आमच्याच घरी राहतो. आमच्या तीर्थरूपांनी १९८४ साली घेतलेली येझदी पडवीत गोणपाटाखाली पडून होती. तिची किक मारण्याची दांडी आणि गिअर बदलण्याची दांडी एकच, हे पाहून मुलाला इतका आनंद झाला की त्याने ती गाडी आपली मानली. चित्रपट पाहिल्यानंतरच्या आठवड्यात त्याने पहिली 'सुधारणा' केली: दोन्ही सायलेन्सरांच्या आतील जाळ्या काढून टाकल्या. आवाज एवढा झाला की देवळातील सांजआरतीची घंटा त्यात बुडाली. गंमत अशी की गाडी चढणीला पूर्वीपेक्षा मंद झाली. टू-स्ट्रोक इंजिनात बाहेर जाणाऱ्या वायूला थोडा अटकाव लागतो, नाही तर ताजे मिश्रणही त्याच्याबरोबर निघून जाते, हे त्याने नंतर स्वतःच आम्हांस समजावून दिले. आम्ही त्यास कलम ५२ समजावून दिले. जाळ्या परत बसल्या. कायद्याने आणि यंत्राने एकच निकाल दिल्याचे असे प्रसंग आमच्या पंचवीस वर्षांच्या वकिलीत फार थोडे.

पुढे त्याने सिलिंडर तासून एक माप मोठा पिस्टन बसविला. झिजलेल्या इंजिनाची ही मान्य दुरुस्तीच होय. नवा पिस्टन पहिले काही शे किलोमीटर हळू चालवावा लागतो, म्हणजे रिंग आणि भिंत एकमेकींशी जुळतात. एवढा धीर विसाव्या वर्षी कोणाजवळ असतो? बोरीच्या पुलाच्या अलीकडेच पिस्टन चिकटला आणि मागचे चाक फरफटले. नशिबाने क्लच वेळीच दाबला गेला आणि मागून वाहन नव्हते. मुलगा गाडी ढकलीत घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून आमच्या हातचा खटल्याचा कागद खाली पडला. आम्ही रागावलो नाही, असे म्हणणे खोटे होईल. त्या रात्री त्याच्याशी जे बोललो ते त्याच्या आईसही कळविले नाही.

दसऱ्यापूर्वीच्या खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. विळा, कोयती, आमची कायद्याची पुस्तके आणि यंदा भाच्याचे पाने पाटावर मांडले होते. पाटाशेजारच्या खिडकीत त्याने तो ओरखडलेला पिस्टन ठेवलेला पाहून आमच्या मातोश्री म्हणाल्या, "हें मोडिल्लें कित्याक दवरलां रे?" मुलगा म्हणाला, "आजी, उडयलें जाल्यार फुडल्या फावट तीच चूक करतलों." मातोश्रींनी तो पिस्टन पाटावर घेतला नाही, आणि खिडकीतून काढलाही नाही.

आम्हांस वाटते, त्यांनी जे केले तेच या विषयावरील योग्य परीक्षण होय. आपल्या रीतीप्रमाणे देवाला अर्पण करावयाची वस्तू अखंड असावी लागते. किडके फूल, हुंगलेले फूल, तडकलेला नारळ आपण वाहत नाही. मूर्ती भंगली तर तिचेही विसर्जन करतो. त्या दृष्टीने मन्रोची फळी हा उलटा आचार आहे. तो देवाला भंगलेलेच वाहतो. चित्रपट या फळीवरून कॅमेरा फिरवितो आणि तिला एक गमतीदार वेड म्हणून सोडून देतो. परंतु तो नैवेद्य नव्हता. तो हिशेब होता. जे जे आपल्या हातून चुकले ते लपविले नाही, वितळवून टाकले नाही, रोज डोळ्यांसमोर राहील असे मांडले, आणि त्याच्याखाली उभे राहून पुढचा पिस्टन ओतला. छंद आणि चाळा यांतील भेद आम्हांस येथे दिसतो. चाळ्याची शेवटची खूण म्हणजे आवाज. छंदाची खूण म्हणजे अशी एक फळी. ज्या मुलाच्या पडवीत चमकणारा सायलेन्सर आहे पण फळी नाही, त्याने हा चित्रपट पाहिला असला तरी मन्रोला पाहिलेले नाही.

म्हणून ज्यांच्या घरी असे मुलगे आहेत त्यांस आमची सूचना अशी की, हा चित्रपट त्यांना अवश्य दाखवावा, आणि शक्य झाल्यास १९७१ चा माहितीपटही मिळवून दाखवावा. त्यात खरा मन्रो आहे, कोणी नट नाही. आणि ज्याचे आयुष्य एका विजयात मावले नाही असा माणूस प्रत्यक्ष पाहणे हे कोणत्याही कथेपेक्षा अधिक शिकविणारे आहे. मन्रोची ती गाडी आजही त्याच्या गावी, इन्व्हरकारगिलमध्ये, ठेवलेली आहे. तीही एखाद्या राजवाड्यासारख्या संग्रहालयात नव्हे, तर हत्यारे आणि खिळे-मोळे विकणाऱ्या एका दुकानात. हे स्थान तिला शोभते.

शेवटी एक गोष्ट सांगून लेखणी ठेवतो. ती चित्रपटात नाही, कारण चित्रपटानंतर घडली. १९६७ च्या उच्चांकाची नोंद १८३.५९ मैल म्हणून सर्वत्र छापली गेली होती. २०१४ मध्ये मन्रोच्या मुलाच्या ध्यानात आले की दोन धावांच्या सरासरीच्या हिशेबातच चूक आहे. त्याने अमेरिकेतील मोटारसायकल संघटनेस ते कळविले; संघटनेने तपासणी केली, चूक मान्य केली आणि मृत्यूनंतर ३६ वर्षांनी मन्रोची नोंद १८४.०८७ मैल अशी दुरुस्त झाली. वाढ अर्ध्या मैलाची. चित्रपटाने त्याला सहज बहाल केलेल्या वीसबावीस मैलांपुढे ती काहीच नव्हे. परंतु ही अर्ध्या मैलाची वाढ त्याची स्वतःची होती, आणि ती शोधून काढली त्याच्या मुलाने, जुना कागद पुन्हा तपासून. ज्या घरातील ताटाविषयी आम्ही वर तक्रार केली त्याच घरातील कोणीतरी इतक्या वर्षांनी त्याच्या हिशेबात लक्ष घातले. वेगाच्या देवाने त्या फळीवरील अर्पण स्वीकारले की नाही, हे आम्हांस सांगता येणार नाही. मुलाने मात्र स्वीकारले होते, एवढे कागदोपत्री सिद्ध आहे.